दादाच्या गॅरेजातला कर्णा

दिवाळी अंकासाठी संपादकांचा निरोप आला की मी विषय शोधायला घराबाहेर पडतो, आणि विषय बहुधा घरातच सापडतो. यंदाचा विषय आमच्या थोरल्या बंधूंच्या गॅरेजात सापडला. गॅरेजात ऐकायला स्पीकर कोणते घ्यावेत आणि त्यांना ॲम्प्लिफायर कोणता जोडावा, हा तो विषय. "हा काय दिवाळीचा विषय झाला?" असे आमच्या घरातून विचारले गेले. परंतु या एका प्रश्नाने गेल्या वर्षी आमच्या दोन घरांची झोप उडवली होती आणि शेजारच्या चार घरांची तर अक्षरशः उडवली होती. तेव्हा वाचकांनी थोडा धीर धरावा.

आता मुदखेडात गॅरेज म्हटले की ऑइलने काळी पडलेली जमीन आणि पोट उघडे टाकून पडलेला ट्रॅक्टर डोळ्यांपुढे येतो. दादाचे गॅरेज तसले नव्हे. मुळात ती त्याची पिठाची गिरणी. दहा फूट रुंद, अठरा फूट लांब, भिंती गुळगुळीत गिलाव्याच्या, खाली कोबा, वर पत्रे. १९७४ पासून छत्तीस वर्षे त्याने तेथे गावाचे दळण दळले. आधी डिझेलचे इंजिन होते. त्याच्या धुराड्यातून पुक् पुक् असा आवाज निघायचा, आणि तो ऐकून बाया डोक्यावर डबे घेऊन निघत. पुढे विजेची मोटार आली. मग गुडघे गेले आणि गिरणी बंद झाली. पुतण्याने मोटारगाडी घेतली, ती तेथे राहू लागली आणि गिरणीचे गॅरेज झाले. पुढे पुतण्या नोकरीला पुण्यास गेला, गाडीही गेली, नाव मात्र राहिले. दादा दुपारी तेथेच बाज टाकून बसतो. इतकी वर्षे बसला, त्याला दुसरीकडे करमत नाही.

दादाचे वय शहात्तर. कान गेले आहेत असे त्याला कोणी म्हटलेले खपत नाही, आणि एका अर्थी ते खरेही आहे. गल्लीच्या टोकाला ट्रक आला की त्याला आधी कळते. मागे दार वाजले तर वळून बघतो. पण माणूस बोलायला लागला की गोंधळ. "आवाज येलालाय की रे," तो म्हणतो, "बोलच येईनात." म्हणजे आवाज येतो, शब्द येत नाहीत. वहिनींनी ताट मागितले की हा पाट आणून देतो. आम्ही हसतो, तो हसत नाही. परभणी आकाशवाणी मीडियम वेव्हवर लागे तेव्हापासून दुपारचा रेडिओ हे त्याचे व्यसन. तो रेडिओ त्याने गेल्या उन्हाळ्याआधी कापडात गुंडाळून फडताळात ठेवून दिला. त्या दिवशी मी पहिल्यांदा घाबरलो.

गुंडाळून ठेवलेल्या गोष्टींत एक कॅसेटही होती. ती आईची.

आई १९९१ साली गेली. तिच्या ओव्या मी १९८७ साली टेप केल्या होत्या. जात्याशिवाय तिला ओवी सुचत नसे, आणि दादाची गिरणी झाल्यापासून जाते कोपऱ्यात उभे केलेले. शाळा सुटल्यावर एका संध्याकाळी मी ते मांडायला लावले. पहाटेचे काम दिवेलागणीला करायला लावतोस म्हणून ती कुरकुरली, आणि मग अर्धा तास गायली. हेमा रायरकर आणि गी पॉयतवाँ यांनी त्याच दशकात अशा ओव्या गावोगाव हिंडून गोळा करायला सुरुवात केली होती, आणि तो संग्रह पुढे एक लाखाच्या वर गेला, हे मला फार नंतर कळले. मी आपली एकच कॅसेट भरली. तिच्या शेवटी जाते थांबता थांबता आई काहीतरी बोलते. ओव्या संपल्या की मी टेप बंद करीत असे. पण एकदा माझ्यामागे दादाने ती शेवटपर्यंत लावली. त्याच्या मते आई म्हणते, "तेल सरून जाईल," आणि पुढे दादा, दादा असे काही. कंदिलातले तेल सरेल, दादा अजून अंधारातून यायचा आहे, असा त्याने त्याचा अर्थ लावला होता. पाहुणे आले की तो हे सांगे आणि डोळे पुसे. मी कधी काही बोललो नाही. त्याचे कारण पुढे येईल.

तर गेल्या उन्हाळ्यात पुतण्या आला, आणि बापाची ही अवस्था पाहून त्याने जुन्या गाडीतून काढलेल्या स्पीकरांचे खोके पुढे ठेवले. यांना कंपोनंट स्पीकर म्हणतात. नेहमीच्या मोटारीतल्या कर्ण्यात सगळे एकाच्या पोटात एक बसवलेले असते. यात वूफर वेगळा, ट्वीटर वेगळा, आणि खालचे सूर वूफरकडे व वरचे ट्वीटरकडे वाटून देणारा क्रॉसओव्हर नावाचा डबा वेगळा. प्रश्न उरला ॲम्प्लिफायरचा. तो सोडवायला गावातला एक मंडपवाला आला. त्याचे तत्त्वज्ञान एका शब्दाचे होते: वॅट. "मास्तर, काकांला ऐकू येत नाही ना? मग दोन हजार वॅट लावा. भिंत ऐकंल!"

भिंतीने खरोखर ऐकले. त्याने आपली पंधरा इंची खोकी आणि २एन ३०५५ ट्रांझिस्टरांच्या रांगा बसवलेला एक जुना ॲम्प्लिफायर आणून ठेवला. पत्रे थरथरले, फडताळातली बरणी खाली आली, शेजारचे तान्हे पोर उठले. दादा शांतपणे बाजेवर बसून होता. "कसं वाटलं?" मी ओरडून विचारले. "आवाज चांगला आलाय," तो म्हणाला. "पर कोण काय म्हणलालंय?"

रात्री दहा ते सकाळी सहा कर्णे बंद ठेवावेत आणि वस्तीत दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबलच्या वर आवाज जाऊ नये असा नियम २००० सालापासून आहे, हे शेजाऱ्यांनी आम्हाला सांगितले. त्यांनी ते ज्या आवाजात सांगितले तोही ५५ च्या खालचा नव्हता.

मी एकतीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले. वॅट म्हणजे काय हे फळ्यावर कितीदा लिहिले असेल, तरी दुकानात गेलो की मीही खोक्यावरचा मोठा आकडा बघतो. नव्वदच्या दशकात त्या आकड्यांनी कहर केला होता. 'पीएमपीओ' अशी चार अक्षरे छापायची आणि हातभर डब्यावर हजारो वॅट लिहायचे. त्याला वीज पुरवणारा प्लग मात्र दाढीच्या यंत्राएवढा. बारा व्होल्टवर चालणाऱ्या मोटारीच्या ॲम्प्लिफायरचेही तेच. आत व्होल्ट चढवणारी सोय नसेल तर चार ओहमच्या कर्ण्यात, दोन्ही टोकांनी ढकलले तरी, न फाटलेला आवाज अठरा वॅटच्या वर निघूच शकत नाही. व्होल्टचा वर्ग करा आणि ओहमच्या दुपटीने भागा: १४४ भागिले ८. आठवीतल्या पोराला जमेल. बरे, वॅट दुप्पट केले तर आवाज दुप्पट वाटतो असेही नाही. फक्त तीन डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला वॅट दहापट लागतात. उलट कर्णाच मुळात चांगल्या गळ्याचा असला, म्हणजे एका वॅटला मीटरभर अंतरावर ८५ ऐवजी ९१ डेसिबल देणारा असला, तर चौपट वॅट फुकटात मिळाले. म्हणून स्पीकर आधी ठरवावा आणि ॲम्प्लिफायर मग. लोक उलटे करतात.

पण दादाचा प्रश्न वॅटचा नव्हताच. मी त्याला नांदेडला कानाच्या डॉक्टरांकडे नेले. डोळे दाखवायचेत असे सांगून. तेथे त्यांनी त्याला काचेच्या खोलीत बसवून कागदावर एक आलेख काढला. उजव्या कानाचे तांबडे गोल, डाव्याच्या निळ्या फुल्या. डावीकडून उजवीकडे सूर चढत जातो, आणि ठिपका जितका खाली तितके ऐकणे अवघड. खालच्या सुरांना दादाचे ठिपके वरच्या अंगाला ठाकठीक होते. तेथून पुढे बालाघाट उतरावा तशी रेघ खाली. सेकंदाला चार हजार कंपनांपाशी सत्तर डेसिबल. डॉक्टरांनी विचारले, "धंदा कसला होता?" मी म्हणालो, गिरणीचा. त्यांनी मान हलवली. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागते, तेथला गोंगाट कानाला अपाय करणारा समजावा. दादाने तर छत्तीस वर्षे ओरडूनच व्यवहार केला.

आता यातली मेख अशी. अ, आ, ओ हे आपले स्वर खालच्या पट्टीतले आणि जोरकस. स, श, त, थ, फ, ख या व्यंजनांची सळसळ वरच्या पट्टीतली आणि दुबळी. एकट्या 'स'चा बहुतेक जोर चार हजारांच्या वर असतो. आवाज कानावर येतो तो स्वरांमुळे, अर्थ कळतो तो व्यंजनांमुळे. साप, ताप, माप, काप: स्वर तेच, आणि दादाला चारही सारखेच. मंडपवाल्याने जे दोन हजार वॅट ओतले ते सगळे स्वरांच्या वाट्याला गेले. शिवाय खालचे जड सूर वरच्या नाजूक सुरांना झाकून टाकतात, म्हणजे त्याने होते तेही बोल बुडवले.

डॉक्टरांनी कानातले यंत्र घ्या म्हणून सांगितले, आणि तेच खरे औषध आहे. मी पुढे जे लिहितो आहे तो दुय्यम उपाय. पण दादाने यंत्राचे नाव काढू दिले नाही. घरी पुतण्याचा मुलगा सुट्टीवर आला होता. तो लातूरला वैद्यकीय प्रवेशाच्या तयारीला आहे, म्हणजे त्याला सगळे पाठ असते. तो आजोबांना म्हणाला, "आजोबा, तुमचे हेअर सेल गेलेत. कानातले. ते परत येत नसतात."

"केसांचं तेल?" दादा म्हणाला. "कुठं गेलं? मोरीत बघ की."

हे सगळे चालले असताना दसरा आला. मुदखेडचा दसरा म्हणजे झेंडू. आमच्या फुलांना पार हैदराबादेपर्यंत गिऱ्हाईक आहे. शेजारच्या मळेवाल्याची गाडी चुकली, म्हणून त्याने रात्रीपुरती आपली पोती दादाच्या गॅरेजात रचली. तीन भिंतींना छातीइतकी थप्पी लागली. संध्याकाळी मी गेलो तर दादा पोत्यांच्या मधोमध बाजेवर बसलेला, आणि नातवाच्या मोबाइलवर नांदेड केंद्राच्या बातम्या चाललेल्या. "धरणात पाणी बरं आहे म्हणायचं," दादा म्हणाला.

मी जागच्या जागी उभा राहिलो. हे त्याला मोबाइलच्या चिमुकल्या कर्ण्यातून ऐकू आले होते.

दुसऱ्या दिवशी पोती गेली, आणि त्यांच्याबरोबर बोलही गेले. तोच मोबाइल, तीच जागा, तोच माणूस, आणि दादा पुन्हा "काय म्हणलालाय?" मी रिकाम्या गॅरेजात उभा राहून एक टाळी वाजवली. ती टाळी पत्र्यावरून कोब्यावर, कोब्यावरून भिंतीवर नाचत राहिली. मग घरी येऊन मी गणित मांडले. गिलावा, कोबा आणि पत्रा आवाज जवळजवळ पितच नाहीत; तेव्हा एवढ्या खोलीत एकदा निघालेला आवाज पुरता विरायला दोन सेकंदांच्या वर वेळ लागतो. दोन सेकंदांत माणूस सात-आठ अक्षरे सहज बोलतो. म्हणजे प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर आधीच्या सात अक्षरांची शेपटे. धडक्या कानाचा माणूस त्यातून वाट काढतो. दादा कोठून काढणार?

हे कोडे नवे नाही. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात १८९५ साली फॉग संग्रहालयाचे एक व्याख्यानगृह बांधले गेले, आणि त्यात व्याख्याता काय बोलतो ते कोणालाच कळेना. वॉलेस सॅबाइन नावाच्या तरुण अध्यापकाकडे ते काम आले. त्याने रात्री शेजारच्या सँडर्स नाट्यगृहातल्या गाद्या वाहून आणायच्या, एकेक मांडून आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचे, आणि उजाडायच्या आत गाद्या परत नेऊन ठेवायच्या. त्यातून त्याने जे सूत्र काढले, त्याच सूत्राने मी दादाच्या गॅरेजाचे दोन सेकंद काढले होते. त्याच्या गाद्या, आमची झेंडूची पोती.

वर्षभर झेंडू कोठून आणणार? मी वहिनींकडे वाकळा मागितल्या. मराठवाड्याच्या घरात वाकळांना तोटा नाही. जुन्या लुगड्यांचे थरावर थर घालून शिवलेली वाकळ हातात घेतली तर पायलीभर धान्याएवढी भरते. भिंतीपासून चार बोटे सोडून, बांबूवर, अशा पाच वाकळा टांगल्या. बाजेवर गादी घातली, खाली सतरंजी. टाळी वाजवली, टाळी जागीच मेली. दादाने आत येऊन चौफेर पाहिले. "गॅरेज हाय का बाळंतिणीची खोली?" म्हणून विचारले. पण विचारून झाल्यावर तो बसला, आणि आम्ही जे बोललो त्यातले निम्मे त्याला कळले. अजून स्पीकरला एक रुपया खर्च झाला नव्हता.

स्पीकरसाठी मी आणि नातू रात्रीच्या गाडीने हैदराबादेस गेलो. मुदखेडच्या माणसाला पुण्या-मुंबईहून हैदराबाद जवळचे. काचीगुड्याला उतरून कोठीची गुजराती गल्ली गाठली. सुट्या भागांचा असा बाजार आमच्या बाजूला दुसरा नाही. पुतण्याच्या खोक्यातल्या एका ट्वीटरचे घुमट पोचलेले निघाले होते, म्हणून जोडी नवीच घ्यायची ठरली. दुकानदाराने पहिला प्रश्न केला: "कित्ते वाट होना साब?" मी म्हणालो, वॅट राहू द्या, वाजवून दाखवा. त्याने ढणढणाटी गाणे लावले. मी नम्रपणे माझा मोबाइल पुढे केला. त्यात मी घरी बसून वाचलेली शब्दांची यादी होती: सात, हात, भात, कात, साखर, खापर, फणस, मानस. माझे कानही अडुसष्टचे, म्हणून नातवाला दुकानाकडे पाठ करून बसवले आणि ऐकलेले शब्द वहीत लिहायला सांगितले. तीन जोड्या झाल्या. सर्वांत महागडीत त्याचे पाच शब्द चुकले. तिचा वूफर फार घुमत होता. मधल्या किमतीच्या साडेसहा इंची जोडीत एकच चुकला. तिचा ट्वीटर रेशमी घुमटाचा होता आणि क्रॉसओव्हरवर ट्वीटरचा जोर तीन डेसिबलने वरखाली करायची कळ होती. ती घेतली. दुकानदार यादी ऐकून इतका कंटाळला होता की त्याने दोनशे रुपये आपणहून कमी केले.

खोलीसाठी कंपोनंट घेण्यावर जाणकार नाक मुरडतील. ही जात मोटारीच्या दारात बसायची. ट्वीटर वूफरपासून लांब नेला तर दोघांचा मेळ बिघडतो, हे मला ठाऊक आहे. पण मला ट्वीटर वेगळाच हवा होता. वूफर खाली कोपऱ्यापासून दूर ठेवायचा आणि ट्वीटर बाजेवर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला, चार फुटांवर, थेट त्याच्याकडे तोंड करून. एका खोक्यात बंद केलेल्या स्पीकरात ही सोय नाही.

ॲम्प्लिफायरचे काम मग सोपे झाले. चार फुटांवरून बोल ऐकायला एखाद-दुसरा वॅट पुरतो. दहा असले की चैन. पाहायचे ते एवढेच की तो चार ओहमचा भार न तापता सोसेल का. घरगुती ॲम्प्लिफायर पुष्कळदा आठ ओहमसाठी बांधलेले असतात. त्यांना मोटारीचे कर्णे जोडले की काही दिवस बरे जाते आणि मग वास येतो. त्याच गल्लीत टीपीए ३११६ या चिपची तळहाताएवढी पाटी चारशेच्या आत मिळाली. साडेचार ते सव्वीस व्होल्टपर्यंत काहीही चालते. पुतण्याच्या मेलेल्या लॅपटॉपचा एकोणीस व्होल्टचा चार्जर घरात पडून होता, तो जोडला. आणि वीज गेली की बारा व्होल्टची बॅटरी. आमच्याकडे वीज जाते हे गृहीत धरूनच कोणतीही वस्तू घ्यावी.

राहिले खोके. स्पीकर उघडा वाजवला तर पडद्याच्या पाठीमागची लाट पुढे येऊन पुढच्या लाटेला खाते. म्हणूनच तर पूर्वी आपल्याकडे चहाच्या टपरीवर स्पीकर माठाच्या तोंडावर पालथा ठेवीत. खोके किती मोठे असावे याचे पक्के गणित नेव्हिल थील या ऑस्ट्रेलियन इंजिनिअरने १९६१ मध्ये मांडले, पण टपरीवाल्याचा अंदाजही वाईट नव्हता. आमच्या वूफरला पंधरा-सोळा लिटर पोट हवे होते, म्हणजे गोडेतेलाचा पंधरा किलोचा डबा मावेल एवढे. गावातल्या सुताराला मी डबाच नेऊन दाखवला. आत काचलोकर भरतात. मी घरचा पिंजलेला कापूस भरला. नांदेड-४४ या वाणाने एके काळी या जिल्ह्याचे नाव देशभर केले, तेव्हा एवढा मान कापसाला द्यायलाच हवा. तारा जोडताना वूफरला क्षणभर टॉर्चचा सेल लावून पडदा बाहेर येतो की आत जातो ते पाहून घ्यावे. एक उलटा जोडला गेला तर दोघे मिळून एकमेकांचा आवाज खातात. ट्वीटरला मात्र कधीही सेल लावू नये, तो तेथेच प्राण सोडतो.

हे सगळे लक्ष्मीपूजनाच्या दुपारी पुरे झाले. दादा येऊन बाजेवर बसला. बातम्या ऐकल्या, एक कीर्तन ऐकले, दोनदा योग्य ठिकाणी हसला. वहिनी दारात उभ्या राहून पाहत होत्या. मग तो म्हणाला, "आईची टेप लाव."

मी म्हणालो, टेपचा पट्टा खराब झालाय. ते खरे होते. रबराचा पट्टा वितळून गूळ झाला होता आणि मध्ये एकदा लावली तेव्हा आईचा आवाज बाप्यासारखा आला होता. पण नातवाने कोठीहून नवा पट्टा आणून बसवला होता, आणि तो त्याने मोठ्या अभिमानाने जाहीर केला. मी ट्वीटरची कळ वर केली, खालचे सूर कमी केले, कारण जात्याची घरघर सगळी खालची. त्या जुन्या टेपची सळसळ मला सारखी ऐकू येत होती. दादाला ती येत नव्हती, एवढाच त्याच्या कानांचा फायदा.

अर्धा तास आई गायली. दादा डोळे मिटून होता. मधूनच ओठ हलत होते, शब्दांच्या आधी नव्हे, शब्दांबरोबर. ओव्या संपल्या. मी उठून बटनाकडे हात नेला. "राहू दे," दादा म्हणाला.

जाते मंदावले, आणि आई बोलली. "बास कर रे आता. सेल सरून जाईल. दादाच्या बॅटरीत परत घालून ठिव, अंधाराचा येतोय त्यो."

टेपरेकॉर्डरला चार मोठे सेल लागत. घरात एक होता. उरलेले तीन मी दादाच्या टॉर्चमधून काढले होते, आणि आईने सांगूनही परत घातले नव्हते. टेप पुन्हा पुन्हा ऐकत बसलो होतो. त्या रात्री गिरणीत वीज गेली. दादाने टॉर्च उचलली तर रिकामी. गिरणीत हाताखाली एक पोरगा होता, पंधरा-सोळा वर्षांचा. दादाने सेल त्यानेच चोरले असे धरून चार लोकांत त्याला बोल लावले. मी घरी होतो. मला दुसऱ्या दिवशी कळले. मी तेव्हाही बोललो नाही आणि नंतरही. पोरगा आठ दिवसांत काम सोडून गेला.

दादाने टेप स्वतः मागे घेतली. पुन्हा ऐकली. तिसऱ्यांदा ऐकली.

"सेल म्हणलालीय," तो म्हणाला.

"होय."

"तेल न्हवं."

"नाही, दादा."

बराच वेळ तो ट्वीटरकडे पाहत बसला, जणू बोलणारे कोणी तेथेच होते. मला वाटले आता तो मला बोलेल, आणि खरे सांगायचे तर त्याने बोलावे असेच मला वाटत होते. त्याने विचारले, "ते पोरगं आता कुठं असतंय?"

"उमरीला. त्याची स्वतःची गिरणी आहे."

पाडव्याला सकाळच्या गाडीने आम्ही दोघे उमरीला गेलो. त्याची गिरणी चालू होती, म्हणून दादाला त्याचे एक अक्षर कळले नाही आणि त्याला दादाचे. त्याने मोटार बंद केली. तो आता पन्नाशी ओलांडलेला, केसांवर पीठ. दादाने पिशवीतून तीन सेल काढून त्याच्या हातावर ठेवले, मोठे, नवे, टॉर्चचे, आणि झाले ते सांगितले. उरलेले मी सांगितले. तो म्हणाला की टॉर्च आता घरात नाही, मोबाइललाच दिवा असतो. सेल मात्र त्याने पत्र्याच्या डब्यात ठेवले, झाकण लावले आणि चहा सांगितला.